टाकोसोबत काय प्यायचं?

मेक्सिकन जेवण म्हटलं की टकीला, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण मेक्सिकोतल्या बाजारात दुपारी जेवायला बसलात, तर आधी नजरेत भरतात त्या काचेच्या भल्यामोठ्या बरण्या. लाल, पांढऱ्या, तपकिरी सरबतांनी काठोकाठ भरलेल्या. ही 'आग्वास फ्रेस्कास', म्हणजे ताजं, गार पाणी. टाकोची जोडी जमवायची तर सुरुवात इथून करावी.

पाण्यानं तिखट का उतरत नाही?
मिरचीची आग म्हणजे कॅप्सेसिन. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळतं. दुधातलं केसीन हे प्रथिन त्याला जिभेवरून सोडवून नेतं, साखरही आग कमी करते. कडक दारू मात्र ती भडकवते आणि सोड्याचे बुडबुडे वरून टोचतात. म्हणून पेला भरण्याआधी साल्सा चाखून बघा.

झणझणीत साल्सा? ओर्चाता!
तांदूळ आणि दालचिनी भिजवायची, वाटायची, गाळायची, साखर घालून गार करायची. बऱ्याच घरांत दूधही घालतात. गंमत म्हणजे स्पेनमधल्या वालेन्सियात याच नावाचं पेय नागरमोथ्याच्या जातकुळीतल्या छोट्या कंदांपासून करतात. मेक्सिकोनं नाव तेच ठेवलं आणि तांदूळ घेतला.

तेलकट घास? लाल अंबाडी!
या सरबताचं नाव लिहायचं जमैका देशासारखं, म्हणायचं 'हामाइका'. लाल अंबाडीच्या बोंडाभोवतीची मांसल दलं वाळवून, उकळून हे माणकासारखं सरबत होतं. चरबीत मंद शिजवलेल्या डुकराच्या मांसाच्या, म्हणजे 'कार्नितास'च्या टाकोवर त्याचा आंबट-तुरट घोट घ्या. पुढच्या घासाला तोंड पुन्हा तयार!

अननसाला अननस
'अल पास्तोर' टाकोची मुळं लेबनॉनहून आलेल्या लोकांच्या शावर्मात आहेत. उभ्या सळईवर भाजलेलं मसालेदार डुकराचं मांस आणि वर अननसाची फोड. त्याच्याशी नातं सांगणारं पेय म्हणजे 'तेपाचे'. अननसाची सालं, गूळ, दालचिनी आणि पाणी दोन-तीन दिवस आंबवलं की झालं. सालसुद्धा वाया जात नाही.

माडीचा समुद्रप्रवास
१५६५ ते १८१५ या काळात मनिला आणि अकापुल्को यांच्यामध्ये स्पॅनिश गलबतं ये-जा करत होती. त्यांतून आलेल्या फिलिपिनो लोकांनी मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर माडाचा रस काढायची कला आणली. कोलिमा भागात आजही हा रस 'तुबा' नावानं विकतात, वर शेंगदाणे घालून.

आणि टकीला?
तिचीही जागा आहे, पण घोटाघोटानं. सोबत 'सांग्रिता' नावाचा आंबट-तिखट लाल रस असतो, त्यात दारूचा थेंबही नसतो. लिंबाचा रस, टकीला आणि सांग्रिता असे तीन पेले ओळीनं मांडले की हिरवा, पांढरा, लाल असा मेक्सिकोचा झेंडाच तयार होतो! ज्या निळ्या अगावेपासून टकीला होते, तो निवडुंग नव्हे. तो आपल्या घायपाताचा सख्खा भाऊबंद आणि शतावरीच्या कुळातला. कापणीला यायला त्याला साधारण सहा ते आठ वर्षं लागतात. इतकी वर्षं वाढलेली गोष्ट एका दमात घशाखाली लोटू नये.

बाहुली सापडली, तमालेस लागू!
६ जानेवारीला कापल्या जाणाऱ्या गोल गोड पावात छोटी बाहुली दडवलेली असते. ती ज्याच्या वाट्याला येते, त्यानं २ फेब्रुवारीला सगळ्यांना तमालेस खाऊ घालायचे. मक्याच्या पिठाचे ते वाफाळते मुटके पानांतून सोडवायचे आणि बरोबर मक्याचंच दाटसर, गरम 'आतोले' प्यायचं. त्यात चॉकलेट घातलं की 'चांपुरादो'. त्याला फेस आणायला दोन्ही तळव्यांत घुसळणी फिरवतात, अगदी आपल्या हातरवीसारखी.

तेव्हा घरी टाकोचा बेत ठरला की साल्सा वाटतानाच थोडे तांदूळ भिजत घाला. जेवायला बसेपर्यंत तिखटावरचा उतारा फ्रिजमध्ये गार होत असेल.