लेवीय वगळू का?

या आठवड्यात याकोबाचं पत्र उघडायचं ठरलं होतं. ते राहू द्या. सोयगावच्या एका ताईंचा प्रश्न आलाय आणि तो मला सोडत नाही. कपाशीची वेचणी सुरू आहे, पहाटे चूल पेटवण्याआधी त्या एक अध्याय वाचतात. उत्पत्ती झालं, निर्गम झालं आणि लेवीयमध्ये गाडी रुतली. नुसते यज्ञ, रक्त, चरबी. वगळलं तर चालेल का?

ताई, जानेवारीत उत्पत्तीपासून जोमाने निघालेले कितीतरी जण इथेच बसकण मारतात. त्यात पाळकही असतात, फक्त ते सांगत नाहीत! पहिले सात अध्याय आणि चामडीचे रोग, भिंतीवरचे चट्टे यांचे तेरावा-चौदावा खुशाल मागे ठेवा. पण एकोणिसावा सोडू नका.

शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा आपण संडेस्कूलपासून पाठ म्हणतो. मार्कच्या बाराव्या अध्यायात येशू तिला दुसरी मोठी आज्ञा म्हणतो. ती मूळची या अध्यायातली, अठरावं वचन. आता तिच्या आजूबाजूला बघा. नवव्या-दहाव्या वचनांत शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापू नका, सरवा गरिबाला आणि परक्याला राहू द्या. तेराव्यात मजुराची मजुरी रात्रभर स्वतःकडे ठेवू नका. पुढे पस्तिसाव्या-छत्तिसाव्यात माप आणि तराजू. सुवर्णवचन म्हणून अठरावं एकटंच उचललं की प्रीती नुसती गोड होते. इथे तिच्या एका अंगाला मजुरी आहे, दुसऱ्या अंगाला काटा.

आणि काटा म्हणजे काय, हे सोयगावात कोणाला सांगायला हवं? वेचणीची मजुरी किलोवर. संध्याकाळी बांधावर गाठोडं लटकतं आणि सगळ्यांचे डोळे आकड्यावर. सकाळचा कापूस दवाने ओला होता म्हणून थोडं कापतात. किती कापायचं हे मालक ठरवतो. पस्तिसावं वचन वाचायची जागा ती.

सरव्याच्या नियमाचं चालतंबोलतं रूप पाहायचं तर रूथचा दुसरा अध्याय घ्या. परकी, विधवा रूथ जवाच्या शेतात सरवा वेचते. शेतमालक बवाज तिला वेचू देतो, एवढं नियमातच होतं. पण तो गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम थोडं गाळत चला. संध्याकाळी झोडपून एफाभर जव निघतात, म्हणजे वीस लिटरच्या वर.

एकोणिसाव्या शतकात पाळक नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. त्यांच्या मंडळीत मांग समाजातली माणसं बरीच होती. रूथची गोष्ट या माणसांनी रूथच्या बाजूनेच ऐकली असणार. आज एखाद्या ताईची स्वतःची दोन एकर कपाशी असते, आणि ती उरकली की त्याच दुसऱ्याच्या शेतात वेचायला जातात. सोमवारी बवाज, गुरुवारी रूथ. म्हणून माझं म्हणणं, अध्याय एका दमात संपवू नका. रोज चार-पाच वचनं घ्या आणि त्या दिवशी आपण काट्याच्या कुठल्या बाजूला उभे आहोत ते पाहून वाचा. मालक असाल त्या दिवशी तेरावं वचन रात्री झोपण्याआधी पुन्हा काढा. पैसे चुकते व्हायचे असतील तर तेव्हाच आठवतील.

याकोब पुढच्या आठवड्यात नक्की. मात्र आपण पहिल्या नव्हे, पाचव्या अध्यायापासून सुरुवात करू. चौथ्या वचनात अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडतेय.