मेंदूची प्रतिमा आणि मनोविकार

स्किझोफ्रेनिया हा मेंदूचा विकार की सदोष संगोपनाचा परिणाम, हा वाद दीर्घकाळ भक्कम पुराव्याविना चालू होता. १९७६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात डॉ. ईव्ह जॉनस्टन व सहकाऱ्यांनी दीर्घकाळ आजारी असलेल्या १७ रुग्णांचे सीटी स्कॅन केले. मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्या या रुग्णांमध्ये निरोगी व्यक्तींपेक्षा सरासरीने मोठ्या आढळल्या. पुढे एमआरआय अभ्यासांनी या निष्कर्षास पुष्टी दिली आणि रुग्णाच्या मातेलाच दोषी ठरविणारी उपपत्ती मागे पडण्यास हातभार लागला.

येथे ‘सरासरी’ हा शब्द विद्यार्थ्यांनी विशेषत्वाने लक्षात घ्यावा. गटागटांतील फरकावरून एका व्यक्तीचे निदान करता येत नाही. अनेक रुग्णांच्या पोकळ्या निरोगी माणसाइतक्याच असतात. त्यामुळे आजही निदान लक्षणे व मुलाखतीवरूनच होते. स्कॅनचा उपयोग मुख्यत्वे गाठीसारखी अन्य कारणे वगळण्यासाठी होतो.

भारतात खर्चाचा अग्रक्रम ठरविताना हे ध्यानात ठेवावे लागते. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात उपचारांपासून वंचित रुग्णांचे प्रमाण विकारपरत्वे ७० ते ९२ टक्के आढळले. त्यांची पहिली निकड स्कॅनची नसून जिल्हा पातळीवरील डॉक्टर आणि नियमित औषधे यांची आहे.