‘ॲ’ कुठल्या बटणावर आहे?

घाट उतरताना लागतात त्या दऱ्या आणि घाट उतरून गेल्यावर दिसतो तो दर्या. बोलताना या दोन शब्दांत कुणाची गफलत होत नाही. टाइप करताना मात्र हमखास होते आणि सह्याद्रीवरच्या लेखात ‘खोल दर्या’ छापून येतात. लग्नाच्या जेवणावळीतल्या आचाऱ्यांचे आचार्य होतात. टाइप करणाऱ्याला फरक ठाऊक असतो, पण ‘ऱ्या’ कसा उमटवायचा हे कुणी शिकवलेलं नसतं. ‘ॲ’ची, विसर्गाची, रुपयाच्या चिन्हाची हीच गत. ‘कीबोर्डवर नाहीच ते’ म्हणून आपण जवळपासचं काहीतरी टाइप करतो आणि वेळ मारून नेतो. वास्तविक ही सगळी अक्षरं संगणकात आहेत आणि ती मिळवण्याची युक्ती पाच मिनिटांत शिकता येते.

एक हुकमी शॉर्टकट

युनिकोड या जागतिक प्रमाणात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. विंडोजवर मायक्रोसॉफ्ट वर्ड वापरत असाल तर हा क्रमांक टाइप करा आणि लगेच ऑल्ट धरून एक्स दाबा. क्रमांकाच्या जागी अक्षर उमटतं. ‘ॲ’चा क्रमांक ०९७२. तो टाइप करून ऑल्ट-एक्स दाबलं की ‘ॲ’ हजर. पथ्य एकच: क्रमांक इंग्रजी आकड्यांत हवा आणि त्यात ‘डी’, ‘बी’सारखं अक्षर असेल तर तेही इंग्रजीतच हवं. त्यासाठी विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला की कीबोर्डची भाषा बदलते. लिबरऑफिसच्या रायटरमध्येही ऑल्ट-एक्स चालतं. मॅकवर कंट्रोल, कमांड आणि स्पेसबार एकत्र दाबले की चिन्हांचा तक्ता उघडतो, त्यातून अक्षर निवडता येतं.

हा शॉर्टकट उलटाही चालतो. अक्षरानंतर कर्सर ठेवून ऑल्ट-एक्स दाबा, त्याचा क्रमांक दिसेल. पुन्हा दाबा, अक्षर परत येईल. कुणी पाठवलेल्या मजकुरात नेमकं काय टाइप केलंय, हे तपासायला याहून सोपी कसोटी नाही.

दिसायला एक, आतून तीन

ती कसोटी ‘ॲप’ या शब्दाला लावून पाहा. कुणी ‘ॲ’ हे एकसंध अक्षर वापरलेलं असतं. कुणी ‘अ’ टाइप करून त्यावर चंद्र दिलेला असतो. तिथे ऑल्ट-एक्स दाबलं की ‘अ’ तसाच राहतो आणि पुढे ०९४५ हा चंद्राचा क्रमांक दिसतो. कुणी हिंदीच्या पद्धतीने ‘ऍ’ लिहिलेला असतो, त्याचा क्रमांक ०९०डी. ‘ॲ’ आणि चंद्र दिलेला ‘अ’ हे डोळ्यांना सारखेच, पण संगणकाच्या लेखी हे तीन निरनिराळे शब्द. एका वकिलाचं नाव यादीत ‘ॲड.’ असं असेल आणि तुम्ही चंद्र देऊन शोधलंत, तर वर्ड ‘सापडलं नाही’ म्हणून मोकळा होतो. मराठीसाठी ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली दाखल झालं आहे. तेच वापरावं.

‘ऱ्य’चंही असंच. भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण इनस्क्रिप्ट कीबोर्डवर जेच्या कळीवर ‘र’ आहे आणि शिफ्टसह ‘ऱ’. म्हणजे शिफ्ट-जे, मग हलन्तासाठी डी, मग ‘य’साठी प्रश्नचिन्हाची कळ: ‘ऱ्य’ तयार. दुसरा कुठला कीबोर्ड असेल तर ०९३१ आणि ऑल्ट-एक्स, मग ०९४डी आणि ऑल्ट-एक्स, मग ‘य’.

विसर्ग म्हणजे कोलन नव्हे

सर्वाधिक बोकाळलेली चूक विसर्गाची. ‘दुःख’, ‘स्वतः’, ‘अंतःकरण’ लिहिताना बहुतेक जण कोलन ठोकतात. कोलन हे विरामचिन्ह, विसर्ग हा शब्दाचा घटक. कोलन घातला की संगणकासाठी शब्द मधोमध तुटतो. शब्दाची तपासणी, शोध आणि अकारविल्हे यादी, तिन्ही बिघडतात. इनस्क्रिप्टवर विसर्ग शिफ्ट धरून हायफनच्या कळीवर आहे. इतरांनी ०९०३ आणि ऑल्ट-एक्स वापरावं. जुन्या मजकुरातल्या चुका कंट्रोल-एच दाबून शब्दागणिक बदलता येतात. सगळे कोलन एका झटक्यात बदलू नका, नाहीतर खरे कोलनही विसर्ग होतील.

रुपया, अंश आणि न तुटणारी जागा

रुपयाचं चिन्ह डी. उदय कुमार यांच्या रेखाटनातून आलं. १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ते स्वीकारलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते युनिकोडमध्ये आलं. विंडोजवर ‘इंग्लिश (इंडिया)’ कीबोर्ड निवडलेला असेल तर उजवीकडचा ऑल्ट धरून ४ दाबा. नाहीतर २०बी९ आणि ऑल्ट-एक्स. तापमानाच्या अंशासाठी ००बी० आणि ऑल्ट-एक्स.

फारशी कुणाला माहीत नसलेली, पण रोजच्या कामाची एक गोष्ट म्हणजे न तुटणारी जागा. ‘डॉ.’ ओळीच्या शेवटी आणि आडनाव पुढच्या ओळीत, किंवा ‘₹’ वर आणि रक्कम खाली, असं झालं की वाचणारा अडखळतो. अशा दोन शब्दांमध्ये कंट्रोल-शिफ्ट-स्पेसबार दाबून जागा सोडा. ते शब्द एकाच ओळीत राहतात.

संस्कृत-मराठी शब्द रोमन लिपीत काटेकोर लिहिणाऱ्या संशोधकांनाही ऑल्ट-एक्सचा शॉर्टकट कामी येतो. दीर्घ ‘आ’साठी ०१०१, ‘ण’साठी १ई४७, ‘ळ’साठी १ई३७. फ्रेंच नावातल्या ‘ई’वर तिरपी रेघ हवी असेल तर वर्डमध्ये कंट्रोल धरून ॲपॉस्ट्रॉफी दाबायची आणि मग ई.

स्वतःची कळ ठरवा

क्रमांक पाठ करायचा कंटाळा येत असेल तर वर्डमधल्या ‘इन्सर्ट’मध्ये जा, ‘सिम्बॉल’, मग ‘मोअर सिम्बॉल्स’ उघडा. हवं ते अक्षर निवडून ‘शॉर्टकट की’वर क्लिक करा आणि मोकळी असलेली एखादी जोडी, समजा ऑल्ट-ए, त्या अक्षराला द्या. रोज लागणारी चार-पाच अक्षरं अशी हाताशी ठेवली की काम झालं.

आज आपण मराठीत जे टाइप करतो त्याचा मोठा भाग कागदावर येतच नाही. तो साठवला जातो, शोधला जातो, दृष्टिहीन वाचकांना संगणक वाचून दाखवतो. दिसायला बरोबर आणि आतून चुकलेलं अक्षर यातल्या प्रत्येक ठिकाणी नडतं. म्हणून शिक्षक, लेखनिक, पत्रकार, विद्यार्थी, सगळ्यांना विनंती आहे: ०९७२, ०९३१, ०९०३ आणि २०बी९ हे चार क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून संगणकाशेजारी चिकटवा आणि आजच्या पहिल्या मजकुरापासून ते वापरायला लागा.