दिवसभर बरे, रात्री मात्र डोळ्यांत वाळू! कोरडे डोळे रात्रीच का छळतात?

उस्मानपुरा (छत्रपती संभाजीनगर) : रात्रीचे साडेअकरा. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा पुस्तक मिटतो, खोलीतला दिवा बंद करतो आणि अंथरुणावर पडून मोबाइल उघडतो. डोक्यावर पंखा फुल्ल. पंधरा-वीस मिनिटांत डोळे चुरचुरायला लागतात, वाळू गेल्यासारखं खुपतं, चोळलं की आणखी लाल होतात. सकाळी थोडा वेळ जड वाटतं, मग दिवसभर ठीक. "झोप झाली नसेल" म्हणून विषय संपतो आणि रात्री पुन्हा तेच. उस्मानपुऱ्यात खोली करून राहणारा विद्यार्थी असो, वाळूजची दुसरी पाळी संपवून दुचाकीवर घरी येणारा कामगार असो की सिल्लोड-फुलंब्रीकडं रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी देणारा शेतकरी, तक्रार एकच. दिवसा एवढं ऊन, एवढी धूळ, तेव्हा चालतं; मग रात्रीच काय होतं?

आधी एक गैरसमज काढून टाकू. अश्रू म्हणजे नुसतं पाणी नाही. डोळ्यावर अश्रूंचा एक पातळ पडदा सतत पसरलेला असतो. बुबुळाला चिकटून बुळबुळीत थर, त्यावर पाणी आणि सगळ्यात वर तेलाचा अतिशय पातळ थर. हे तेल पापण्यांच्या कडेला ओळीनं असलेल्या बारीक ग्रंथींतून येतं. लोणच्याच्या बरणीत वर तेलाचा तवंग असतो ना, खालचं लोणचं जपणारा, तसंच हे. तवंग फाटला की खालचं पाणी उडून जातं. प्रत्येक वेळी पापणी मिटते तेव्हा हा पडदा नव्यानं सारवला जातो.

एरवी आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी मिटतो. मोबाइल, संगणक किंवा बारीक अक्षरांचं पुस्तक समोर असलं की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं. शिवाय बऱ्याचदा पापणी अर्धीच मिटते, त्यामुळं डोळ्याचा खालचा भाग उघडाच सुकत राहतो. दिवसभराचं हे वाळणं रात्रीपर्यंत साचत जातं. म्हणजे रात्रीच्या त्रासाचं मूळ पुष्कळदा दिवसात असतं.

त्यात रात्रीची स्वतःची कारणं भर घालतात. झोपेत अश्रू तयार होण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. पापण्या नीट मिटलेल्या असल्या तर त्यानं बिघडत नाही. पण काही जणांचे डोळे झोपेत किंचित उघडे राहतात. स्वतःला ते कळत नाही, घरच्यांना कळतं. "हा डोळे उघडे ठेवून झोपतो" अशी चेष्टा आपल्याकडं घरोघरी चालते, पण कोरड्या डोळ्यांचं ते खरंखुरं कारण असू शकतं. तुमचे डोळे सकाळी उठल्याबरोबर सगळ्यात जास्त दुखत असतील, तर घरातल्या कुणाला तरी झोपेत एकदा बघायला सांगा. काही वेळा सुकलेली पापणी बुबुळाला चिकटते आणि पहाटे डोळा उघडताना वरचा नाजूक थर ओरखडला जातो. त्या वेळी सुई टोचल्यासारखी कळ येते.

दुसरा गुन्हेगार पंखा. मराठवाड्याची हवा आधीच कोरडी, उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळं पंख्याशिवाय झोपणं शक्य नाही हे मान्य. प्रश्न वाऱ्याच्या दिशेचा आहे. कूलर हवेत ओलावा आणतो म्हणून तो एसीपेक्षा डोळ्यांना बरा, पण त्याचा झोत थेट तोंडावर घेतला तर हा फायदा संपला. कूलर पायाकडं ठेवा, छताच्या पंख्याचा वेग एक-दोन घरं कमी करा, नाहीतर खाट थोडी सरकवा. यात एक रुपयाही खर्च नाही आणि फरक लवकर दिसतो.

सर्दी-खाज-अंगावर पित्त उठणं यासाठी रात्री घेतल्या जाणाऱ्या गोळ्याही अश्रू कमी करतात. नैराश्यावरची काही औषधं आणि मुरुमांवरची आयसोट्रेटिनोइनची गोळी यांचाही असाच परिणाम होतो. म्हणून परस्पर गोळी बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतील. मधुमेह, थायरॉइड, संधिवात असलेल्यांना आणि पाळी गेलेल्या महिलांना हा त्रास जास्त. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही काही आठवडे ते काही महिने डोळे कोरडे वाटू शकतात. शिबिरात ऑपरेशन करून आलेले आजोबा-आजी "ऑपरेशन बिघडलं" म्हणून घाबरतात, ते पुष्कळदा याच्यामुळं. तरी खात्री डॉक्टरांकडूनच करावी.

आणि "माझ्या डोळ्यातून तर पाणी वाहतं, मग कोरडे कसे?" हा नेहमीचा प्रश्न. डोळा सुकला की तो चिडतो आणि बचावासाठी एकदम पाणी सोडतो. त्या पाण्यात तेल नसतं, ते टिकत नाही, गालावर ओघळून जातं. चुलीच्या धुरानं येणारं पाणीही असंच.

झोपण्यापूर्वी काय करायचं

सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय म्हणजे गरम शेक. स्वच्छ सुती कापडाची घडी गरम पाण्यात पिळून मिटलेल्या डोळ्यांवर ठेवायची. पाणी किती गरम? मनगटाच्या आतल्या बाजूला सहन होईल इतकंच. घडी दोन मिनिटांत गार होते, म्हणून पुन्हा बुडवत पाच ते दहा मिनिटं शेकायचं. मग वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, हलक्या बोटानं चोळायची. थिजलेलं तूप उन्हात विरघळतं तसं ग्रंथीतलं घट्ट झालेलं तेल यानं सुटतं. एका रात्रीत गुण येत नाही, दोन-तीन आठवडे नेमानं करावं लागतं. बहुतेक जण चौथ्या दिवशी सोडून देतात, हीच अडचण.

मेडिकलवर कृत्रिम अश्रूंचे थेंब मिळतात. बाटलीवर कार्बोक्झिमिथाइल सेल्युलोज असं काहीसं नाव असतं. खालची पापणी ओढून एकच थेंब पुरतो, बाटलीचं टोक डोळ्याला लावायचं नाही. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालायची वेळ येत असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब मागा, कारण तो टिकाऊपणाचा पदार्थच डोळ्याला चिडवतो. बाटली फोडल्यावर साधारण महिनाभरात टाकून द्यायची, अर्धी उरली तरी. रात्रीसाठी जेल किंवा मलम जास्त टिकतं. त्यानं धूसर दिसतं, म्हणून ते अंथरुणावर पडतानाच लावावं. कॉन्टॅक्ट लेन्स घालून कधीही झोपू नये.

गुलाबजल, मध, एरंडेल, काजळ यांपैकी काहीही डोळ्यात घालू नका. ते निर्जंतुक नसतं. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलचीही बरीच जाहिरात होते. अमेरिकेत 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत वर्षभर त्या घेणाऱ्यांना ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूल घेणाऱ्यांपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. तो पैसा वाचवलेला बरा.

लाल डोळ्याचं औषध मागताना सावध

खरा धोका इथं आहे. डोळे लाल झाले की मेडिकलवर जाऊन "काहीतरी थेंब द्या" म्हणायची आपल्याकडं सवय आहे. त्यात अनेकदा स्टेरॉइड असलेली बाटली हातात पडते. दोन थेंबांत लाली जाते, बरं वाटतं, मग तीच बाटली महिनोन्महिने आणि घरभर चालते. स्टेरॉइडचे थेंब डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय चालू राहिले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. खोक्यावर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल अशी नावं दिसली तर ते स्टेरॉइड आहे, असं समजा.

शेतकऱ्यांनी तर हे आणखी लक्षात ठेवावं. मका, ज्वारी, ऊस यांची पात किंवा कुसळ डोळ्याला लागलं, थोडं खुपलं, "कोरडेपणा असेल" म्हणून सोडून दिलं, आणि वर स्टेरॉइडचे थेंब घातले, तर बुबुळावर बुरशीची जखम भडकते. ही जखम हळूहळू, काही दिवसांत वाढते. वेळेत उपचार झाले नाहीत तर डोळ्यात फूल पडतं. कोरडेपणा बहुधा दोन्ही डोळ्यांत असतो. एकाच डोळ्यात दुखणं, उजेड सहन न होणं, बुबुळावर पांढरट ठिपका किंवा नजर कमी होणं, यांतलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्री डोळा व डोकं प्रचंड दुखून उलटी होत असेल, दिव्याभोवती रंगीत कडं दिसत असेल, तर सकाळची वाट बघू नका. तो काचबिंदूचा झटका असू शकतो.

लहान मुलांचं वेगळं. दिवेलागणीनंतर मूल अडखळत असेल, ताट-वाटी चाचपडत असेल, तर तो रातांधळेपणा. कारण बहुतेकदा अ जीवनसत्त्वाची कमतरता. त्यातही डोळे कोरडे पडतात, पण थेंबांनी ते बरं होत नाही. अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस नवव्या महिन्यात आणि नंतर दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत, असे एकूण 9 डोस सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात. कार्ड काढून डोस मोजा, राहिले असतील तर आशाताईंना विचारा.

मोठ्यांचा त्रास शेक, थेंब आणि पंख्याची जागा बदलूनही तीन-चार आठवड्यांत कमी झाला नाही, किंवा तोंडही सारखं कोरडं पडत असेल, तर तपासणी करून घ्यावी. शहरात घाटी रुग्णालयात नेत्र विभाग आहे. तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतील तर आधी त्यांना दाखवता येतं. तपासणी फार त्रासाची नाही: खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवून ती किती मिलिमीटर भिजली ते मोजतात, आणि पिवळा रंग टाकून बुबुळ पाहतात. जाताना सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि आतापर्यंत डोळ्यात घातलेली प्रत्येक बाटली, रिकामी असली तरी, पिशवीत घालून न्या.