ही गोळी नेमकी कशासाठी?

‘बीपीची गोळी चालू आहे,’ एवढ्यावर डॉक्टरचं समाधान होत नाही. कुठली, असं ते पुन्हा विचारतात आणि बहुतेक घरांत त्याचं उत्तर रंगावर येतं: ती पांढरी, छोटी, सकाळची. मेडिकलमधून आणलेली स्ट्रिप उलटून बघितली तर अनेकदा मोठ्या नावाच्या शेपटाला ‘एटी’ अशी दोन अक्षरं लागलेली असतात. त्यांचा अर्थ सहसा असा, की आत दुसरं एक औषध मिसळलेलं आहे, ॲटेनोलॉल. वरचं औषध बहुधा ॲम्लोडिपिन असतं. ते शरीरात बराच काळ रेंगाळतं, त्यामुळे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही. ॲटेनोलॉल मात्र बीटा-ब्लॉकर घराण्यातलं. ते मनाला येईल तेव्हा बंद करता येत नाही. एकाच गोळीत दोन वेगळ्या स्वभावांची औषधं आहेत, हे ती गिळणाऱ्याला ठाऊक नसतं.

मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल, नेबिव्होलॉल, प्रोप्रॅनोलॉल ही याच घराण्यातली. नावाच्या शेवटी ‘लॉल’ दिसलं की समजावं.

माणूस घाबरला, चिडला किंवा बस पकडायला धावला की रक्तात ॲड्रेनलिन उतरतं आणि हृदयापर्यंत आलेल्या मज्जातंतूंच्या टोकांतून त्याचं भावंड नॉरॲड्रेनलिन पाझरतं. पेशींच्या पृष्ठभागावरच्या ठरावीक रेणूंवर ती जाऊन बसली की हृदय जोरात आणि भरभर चालू लागतं. हे ग्राहक रेणू एकाच प्रकारचे नसून अल्फा आणि बीटा असे दोन प्रकारचे आहेत, असं अमेरिकेतल्या रेमंड आलक्विस्ट यांनी १९४८ साली मांडलं. त्यांच्या निबंधाकडे पुढची दहा वर्षं जवळजवळ कुणी ढुंकून पाहिलं नाही.

पाहिलं ते जेम्स ब्लॅक यांनी. हे स्कॉटिश डॉक्टर ग्लासगोच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवत होते. छातीत कळ येते ती हृदयाच्या स्नायूला प्राणवायू पुरत नाही म्हणून. तेव्हाचं सगळं संशोधन पुरवठा वाढवण्यामागे लागलं होतं: रक्तवाहिन्या रुंद करा, रक्त जास्त येऊ द्या. ब्लॅक यांनी प्रश्नच उलटा केला. हृदयाची मागणीच कमी केली तर? ॲड्रेनलिनला बीटा रेणूंवर बसूच दिलं नाही, तर हृदय संथ चालेल आणि आहे त्या रक्तात भागवेल. १९५८ मध्ये ते आयसीआय या ब्रिटिश कंपनीत गेले. त्यांच्या पहिल्या औषधाने, प्रोनेथॅलॉलने, उंदरांमध्ये गाठी झाल्या आणि ते मागे पडलं. त्यानंतर आलेल्या प्रोप्रॅनोलॉलने मात्र हृदयविकाराच्या उपचाराची दिशा बदलली. ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल मिळालं. लंडनमध्ये ब्रायन प्रिचर्ड यांना छातीच्या कळेसाठी हे औषध घेणाऱ्यांचा रक्तदाबही उतरलेला दिसला. म्हणजे ‘बीपीची गोळी’ ही या औषधाची नंतर मिळालेली ओळख.

ती ओळख पुढे चांगलीच डळमळली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लाइफ’ चाचणीत नऊ हजारांहून अधिक रुग्णांपैकी निम्म्यांना ॲटेनोलॉल आणि निम्म्यांना लोसार्टन दिलं गेलं. दंडावर मोजलेला रक्तदाब दोन्हीकडे जवळपास सारखाच उतरला, पण पक्षाघात लोसार्टनच्या गटात सुमारे पाव हिश्शाने कमी झाले. याचं एक स्पष्टीकरण असं, की नाडी संथ झाल्यावर दंडावरचा आकडा चांगला दिसला तरी हृदयाजवळच्या महाधमनीतला दाब तितका उतरत नाही. २००६ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने साध्या उच्च रक्तदाबासाठी पहिल्या पसंतीच्या औषधांतून बीटा-ब्लॉकर काढून टाकले. साताऱ्यासह महाराष्ट्रातल्या काही जिल्ह्यांत सुरुवातीपासून राबवल्या गेलेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या उपचारक्रमातही ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि लघवीवाटे मीठ-पाणी काढणारं औषध अशीच रांग आहे. नुसतं बीपी असलेल्याला आज ॲटेनोलॉल चालू असेल, तर ‘हे कशासाठी?’ असं विचारण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. उत्तर अनेकदा मिळतं: नाडी फार जलद आहे, छातीत कळ येते, हृदयाचे ठोके अनियमित आहेत. गर्भारपणातल्या रक्तदाबासाठी तर याच घराण्यातलं लॅबेटॅलॉल वापरतात, ॲटेनोलॉल मात्र टाळतात. कधी कधी उत्तर ‘आधीपासून चालू आहे’ एवढंच असतं.

कमजोर हृदयाच्या बाबतीत गोष्ट बरोबर उलटी घडली. हृदयाची पंप करण्याची ताकद घटलेल्या रुग्णाला हृदय मंद करणारं औषध देणं अनेक वर्षं चूक मानलं जाई. १९७५ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या फिन वागस्टीन आणि सहकाऱ्यांनी सात रुग्णांवर तेच करून पाहिलं. त्यांची प्रकृती सुधारली, पण वैद्यकविश्वाला पटायला दोन दशकं लागली. अखेर १९९९ मध्ये बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉल सक्सिनेटच्या दोन मोठ्या चाचण्यांत मृत्यूंचं प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने घटलेलं दिसलं. सततच्या ॲड्रेनलिनच्या माऱ्याने थकलेल्या स्नायूला विसावा मिळतो, असं त्यामागचं कारण आहे. पण हा विसावा हळूहळू द्यावा लागतो. कार्व्हेडिलॉल ३.१२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून साधारण दर दोन आठवड्यांनी वाढवतात. पहिल्या काही आठवड्यांत थकवा वाढतो, कधी पाय सुजतात. म्हणून रोज सकाळी वजन करायला सांगतात. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर ते अंगात साचलेलं पाणी असू शकतं आणि तेव्हा डॉक्टरांना लगेच कळवायचं असतं. ‘गोळी मानवली नाही’ म्हणून ती परस्पर सोडणारे नेमके याच टप्प्यावर सोडतात.

आणि परस्पर सोडणं हाच या औषधातला सगळ्यात मोठा धोका आहे. सोसायटीत पाण्याचा दाब कमी झाला की लोक नळाखाली बादल्या वाढवतात, तसं पेशी करतात. ॲड्रेनलिनचा निरोप पोचेनासा झाल्यावर त्या पृष्ठभागावरचे बीटा रेणू वाढवत जातात. आता गोळी एकदम थांबली की पाणी पूर्ण दाबाने येतं आणि बादल्या पूर्वीपेक्षा जास्त असतात. नाडी उसळते, रक्तदाब चढतो, आणि ज्याच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत त्याला छातीत कळ किंवा थेट झटका येऊ शकतो. प्रोप्रॅनोलॉल अचानक बंद केल्यावर असं घडल्याच्या नोंदी १९७५ सालीच प्रसिद्ध झाल्या होत्या. तरीही गणपतीला गावी गेल्यावर स्ट्रिप संपते आणि ‘परत गेल्यावर आणू’ असं ठरतं. थांबवायचीच असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली एक-दोन आठवड्यांत, कधी त्याहून सावकाश, डोस उतरवत न्यावा लागतो. एखादी गोळी विसरली तर आठवेल तेव्हा घ्यावी. पुढची वेळ जवळ आली असेल तर विसरलेली सोडून द्यावी. दोन एकदम घेऊ नयेत. ‘एक्सएल’ किंवा ‘ईआर’ लिहिलेली गोळी चुरून किंवा चावूनही घेऊ नये. ती दिवसभर थोडीथोडी सुटावी म्हणून तशी बनवलेली असते, चुरली की सगळं औषध एकदम रक्तात येतं.

नाडी मोजायला कोरोनाच्या काळात घरोघरी आलेलं बोटाचं यंत्र उपयोगी पडतं. ऑक्सिजनच्या आकड्याशेजारचा दुसरा आकडा नाडीचा. या गोळीवर तो ५५ ते ६० दिसणं अपेक्षितच असतं. पन्नासच्या खाली जात असेल, किंवा चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, दम अशी लक्षणं असतील, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. भोवळ येऊन शुद्ध हरपली तर रुग्णालय गाठावं. आणि फिरायला जाताना मनगटावरचं घड्याळ ‘आणखी जोरात चाला’ म्हणून टोचत राहिलं तरी त्याचं ऐकू नये. वयावरून काढलेला नाडीचा आकडा बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यासाठी नसतोच.

मधुमेह असलेल्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. रक्तातली साखर फार उतरली की छाती धडधडते, हात थरथरतात. शरीराची ही धोक्याची घंटा ॲड्रेनलिनच वाजवतं आणि ही गोळी ती घंटा दाबून टाकते. घाम मात्र तसाच येतो, कारण त्याची वाट वेगळी आहे. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणारा माणूस संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपाशी राहिला आणि दुपारी धडधड न होता नुसताच घामाने भिजला, तर ‘उकडतंय’ म्हणून पंखा लावण्याआधी साखर तपासावी. तपासायची सोय नसेल तर साखर खायला द्यावी. उपवास त्यानंतरही करता येतो. उपवासाच्या दिवशीचे डोस डॉक्टरांकडून आधीच ठरवून घेतले तर ही वेळच येत नाही.

दम्याचं गणित वेगळं. हृदयात प्रामुख्याने बीटा-१ रेणू असतात, श्वासनलिकांत बीटा-२. प्रोप्रॅनोलॉल दोघांनाही अडवतं, म्हणून दमेकऱ्याला ते धोक्याचं. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल मुख्यतः हृदयापुरतं राहतात, पण डोस वाढला की हा भेद पुसट होतो. यात एक चोरवाट आहे. काचबिंदूसाठी दिले जाणारे टिमोलॉलचे थेंब हेही बीटा-ब्लॉकरच. डोळ्यातून ते नाकात आणि तिथून रक्तात उतरतात. एका थेंबानेही दमेकऱ्याला धाप लागू शकते, आणि आधीच गोळी घेणाऱ्याची नाडी आणखी मंदावते. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोनेक मिनिटं बोटाने दाबून धरला, तर बरंचसं औषध डोळ्यातच राहतं. डोळ्यांचे डॉक्टर आणि हृदयाचे डॉक्टर वेगवेगळ्या दवाखान्यांत बसतात. हे दोन कागद एकत्र बघणारा माणूस बहुधा फक्त रुग्णच असतो.

खोकल्याच्या अनेक सिरपमध्ये टर्ब्युटालिन किंवा साल्ब्युटामॉल असतं. ते बीटा रेणूंना चेतवतं, म्हणजे गोळीच्या नेमकं विरुद्ध काम करतं. व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेमबरोबर बीटा-ब्लॉकर घेतला तर हृदयातला विजेचा संदेशच अडकू शकतो, त्यामुळे हृदयतज्ज्ञही ही जोडी फार जपून देतात. नैराश्यावरचं पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन मेटोप्रोलॉलची रक्तातली पातळी वाढवतं. ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगावं. रोजची गोळी बहुधा त्या सकाळीही चालू ठेवतात, पण आधी कधीच न घेतलेल्याला ऑपरेशनच्या तोंडावर मोठा डोस सुरू करणं घातक ठरू शकतं, हे २००८ च्या ‘पॉइझ’ चाचणीने दाखवलं.

राहिला तो प्रश्न झटका येऊन गेलेल्यांचा. त्यांना बीटा-ब्लॉकर जन्मभर, हा नियम १९८०च्या दशकातल्या चाचण्यांवर उभा आहे. तेव्हा आजच्यासारखी तातडीची ॲन्जिओप्लास्टी नव्हती. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, प्रामुख्याने स्वीडनमधल्या ‘रिड्यूस-एएमआय’ चाचणीत हृदयाची ताकद शाबूत राहिलेल्या सुमारे पाच हजार रुग्णांना या गोळीचा ठळक फायदा दिसला नाही. २०२५ मध्ये स्पेन-इटलीतल्या ‘रीबूट’चा निष्कर्षही तसाच आला. त्याच सुमारास नॉर्वे-डेन्मार्कच्या चाचणीत मात्र थोडा फायदा दिसला. आणि वर्षानुवर्षं चालू असलेली गोळी थांबवून पाहणाऱ्या फ्रान्समधल्या ‘ॲबिस’ चाचणीत थांबवणाऱ्यांचा रक्तदाब आणि नाडी वाढली, हृदयाच्या तक्रारींसाठी रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाणही जास्त राहिलं. तेव्हा नवीन रुग्णाला सुरू करायची की नाही आणि जुन्या रुग्णाची थांबवायची की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. झटक्याला काही वर्षं झाली असतील, तर पुढच्या तपासणीला हा विषय काढायला हरकत नाही. जाताना टू-डी इकोचा ताजा रिपोर्ट, ईसीजी आणि सगळ्या स्ट्रिपा सोबत न्याव्यात. इकोच्या कागदावर ‘ईएफ’समोर (म्हणजे हृदयाची पंप करण्याची ताकद) लिहिलेल्या आकड्यावर या चर्चेतलं बरंच काही ठरतं, आणि ती चर्चा होईपर्यंत गोळी चालूच ठेवायची असते.