बत्तीस बोरचं काडतूस: निवड कमी, जबाबदारी जास्त

शहाद्याहून एका मित्राने विचारलंय: "दादा, पप्पांना छोट्या पिस्तुलाचा परवाना मिळालाय. यूट्यूबवर सगळे हॉलो पॉइंट घ्या म्हणतात. आपण कोणती गोळी घ्यायची?"

बघ भावा, ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले, ९ एमएमचे. आपल्याकडे ९ एमएम हा प्रतिबंधित बोर. सामान्य परवान्यावर मिळतं ते .३२ चं पिस्तूल.

हॉलो पॉइंट म्हणजे टोकाला खड्डा असलेली गोळी. ती अंगात शिरली की पसरते आणि बहुतेक वेळा आतच थांबते. आपलं देशी .३२ काडतूस मात्र गोल टोकाचं, पूर्ण धातूच्या आवरणाचं. ते पसरत नाही, आरपार जाऊ शकतं. गावातल्या घराचा कूड किंवा पत्रा तिला अडवेल, या भरवशावर राहू नका. पलीकडे आजी झोपलेली असू शकते. म्हणून गोळीआधी दिशा ठरवा.

आता खरेदी. दुकानात नुसतं "बत्तीसची द्या" म्हणू नका. पिस्तुलाचं काडतूस ७.६५ × १७ मिमी, रिव्हॉल्व्हरचं ७.६५ × २३ मिमी. नाव एकच, पण एकाचं दुसऱ्यात चालत नाही. खोक्यावरचं माप पिस्तुलावरच्या मापाशी जुळवून बघा. हिरवट गंज, चेपलेली पुंगळी, आत ढकलली गेलेली गोळी दिसली, तर ते काडतूस वापरू नका.

त्याच खोक्यातली थोडी काडतुसं परवानाधारक रेंजवर चालवून बघा. शेतात नाही हं! पिस्तूल अडकत नसेल, तर तेच काडतूस चांगलं. चाप ओढूनही बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेलाच धरा आणि निदान अर्धा मिनिट थांबा. किती काडतुसं घ्यायची आणि जवळ ठेवायची, ते परवान्यावरच लिहिलेलं असतं.

आणि मिरवणं बंद. पिस्तूल झाकूनच न्यायचं, जत्रेत किंवा कॉलेजात न्यायचंच नाही. लग्नात हवेत बार काढला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यात आहे, पण गरजेपुरताच. भारतीय न्याय संहितेचं कलम ३७ हेच सांगतं. पळणाऱ्या चोराच्या पाठीत मारलेली गोळी कुठलीही असो, कोर्टात उत्तर पप्पांनाच द्यावं लागेल.

हा भाग त्यांना नक्की ऐकव. भेटू पुढच्या भागात!