सागराचे दफ्तर

जमिनीचे दफ्तर ठेवणे ही आपल्या महसुली परंपरेतील जुनी आणि पक्की विद्या आहे. कारण शेत काल जेथे होते तेथेच आज आहे आणि उद्याही राहील, हे त्या दफ्तराच्या मुळाशी असलेले गृहीतक सहसा खोटे ठरत नाही. भूमापन क्रमांक, क्षेत्र, आकार आणि खातेदाराचे नाव एवढे नोंदले की सातबाऱ्याचे काम चालते, आणि मालकी बदलली तर फेरफाराच्या नोंदीने तिचीही तजवीज होते. समुद्राचे दफ्तर मांडू पाहणाऱ्याला मात्र हा आधार पहिल्याच पानावर सोडावा लागतो. कारण तेथे हद्द हलते, पृष्ठभाग वरखाली होतो, आणि ज्या पाण्याचे तापमान आज मोजले ते पाणी उद्या त्या ठिकाणी नसतेच.

एखाद्या खाडीच्या मुखाशी पाणी किती खोल आहे, हा प्रश्न दिसायला साधा आहे. परंतु कोकणातील कोणताही जाणता तांडेल त्यावर उलट विचारील, की भरतीचे की ओहोटीचे, आणि उधाणाचे की भांगाचे? मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील तफावत ४ मीटरांहूनही अधिक होते, म्हणजे वेळ न सांगता सांगितलेली खोली निरर्थक ठरते. शिवाय जमिनीच्या नकाशातील उंची सरासरी समुद्रसपाटीपासून मोजलेली असते, तर नौकानयनाच्या नकाशातील खोली, जहाजाचा तळ लागू नये या सावधगिरीने, ओहोटीच्या अगदी खालच्या पातळीपासून मोजलेली असते. दोहोंचे शून्य भिन्न असल्यामुळे दोन्ही नकाशांतील आकडे तसेच एकत्र केले, तर किनाऱ्यावर नसलेली पायरी संगणकाच्या पडद्यावर उभी राहते.

संगणकीय माहितीसंचाची जी मांडणी आज सर्वत्र रूढ आहे, तिची तात्त्विक बैठक एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० साली घातली : माहिती लहान लहान सारण्यांत विभागावी, आणि सामायिक क्रमांकांच्या आधारे त्या सारण्या एकमेकींशी जोडाव्यात. भौगोलिक माहिती प्रणालींनी या मांडणीला बिंदू, रेषा आणि क्षेत्र या आकृतींची जोड दिली, आणि विहीर, रस्ता, शेत यांच्यापुरती ती पुरलीही. सागरासाठी ती अपुरी पडते हे ओळखून ऑरेगॉन राज्य विद्यापीठातील सागरी भूगोलतज्ज्ञ डॉन राइट, ड्यूक विद्यापीठातील पॅट्रिक हॅल्पिन, तसेच मायकेल ब्लोंगविट्झ आणि जो ब्रेमन यांनी, एस्री या कंपनीच्या प्रणालीला अनुसरून, ‘आर्क मरीन’ नावाचा आराखडा सिद्ध केला; २००७ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. समुद्रात काय काय आहे याची यादी करण्याऐवजी, समुद्राचे मोजमाप कोणकोणत्या रीतींनी होते, या प्रश्नापासून त्याची सुरुवात होते, आणि त्याचे मर्मही तेथेच आहे.

या दृष्टीने पाहिले की नोंदींचे प्रकार आपोआप वेगळे होऊ लागतात. जहाजावरून एका क्षणी घेतलेली खोली हा एक प्रकार. त्यात स्थळ आणि काळ दोन्ही एकदाच येतात. मुंबईच्या अपोलो बंदरातील भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. तेथे स्थळ एकच राहते आणि काळ पुढे सरकतो, म्हणून ती कालमालिका. उपग्रहाला संदेश देणारे यंत्र पाठीवर बसवलेले कासव पोहत जाते, तेव्हा स्थळ आणि काळ दोन्ही बदलतात, पण प्राणी एकच असतो. आर्गो उपक्रमाच्या तरंगत्या यंत्रांची तऱ्हा आणखी निराळी आहे : ती १,००० मीटर खोलीवर वाहत राहतात, सुमारे १० दिवसांनी २,००० मीटरपर्यंत उतरून वर येताना तापमान आणि क्षारता मोजतात, आणि पृष्ठभागावर आल्यावर उपग्रहाकडे मजकूर धाडतात. अशी सुमारे ४,००० यंत्रे आज जगाच्या महासागरांत फिरत आहेत. त्यांपैकी प्रत्येकाची फेरी नकाशावर एकच बिंदू दिसते. पण त्या बिंदूखाली शेकडो नोंदींचा उभा स्तंभ असतो, आणि तो ठेवायची जागा साध्या बिंदूत नसते.

म्हणूनच या आराखड्यात स्थान, मोजमाप, उपकरण आणि मोजलेला घटक यांची खाती निरनिराळी आहेत. तापमानासाठी एक स्तंभ, क्षारतेसाठी दुसरा, अशी रुंद सारणी केली तर उद्या प्राणवायू मोजणारे उपकरण आल्यावर सारी मांडणी उसवावी लागते. घटकांची यादी स्वतंत्र ठेवली, तर तिच्यात एक ओळ वाढवली की काम भागते. उपकरणाची नोंद वेगळी असल्याचा लाभ त्याहून मोठा आहे. एखादा संवेदक सदोष निघाला, तर त्याने घेतलेली प्रत्येक नोंद शोधून तिच्यावर शेरा मारता येतो.

किनाऱ्याच्या बाबतीत हा काटेकोरपणा थेट कायद्याला जाऊन भिडतो. भारताच्या किनाऱ्याची लांबी अनेक दशके ७,५१६.६ किलोमीटर मानली जात होती; अलीकडच्या फेरमोजणीत ती ११,०९८.८१ किलोमीटर भरली. या वाढीचे मुख्य कारण प्रमाणाचे आहे : जुनी मोजणी ४५ लाखांस एक या प्रमाणाच्या नकाशावरची, तर नवी अडीच लाखांस एक या प्रमाणावरची, नकाशा जितका सूक्ष्म, तितकी खाड्यांची आणि बेटांची वळणे मोजणीत अधिक येतात. तेव्हा किनारा ही एक रेषा नव्हे. कोणत्या प्रमाणावर, कोणत्या पातळीच्या पाण्याची आणि कोणत्या तारखेची, हे सांगितल्यावरच ती रेषा ठरते. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने बांधकामावरील निर्बंधांचा ५०० मीटरांचा पट्टा भरतीरेषेपासून मोजायला सांगितला, आणि तेव्हापासून कोळीवाड्यातील घर नियमात बसते की नाही हे त्या रेषेवर अवलंबून राहिले. अशा वेळी नवी रेषा आली म्हणून जुनी पुसून टाकणे हा दफ्तरी अपराध होय. दोन्ही आपापल्या तारखांसह जतन व्हाव्यात, म्हणजे वाद उपस्थित झाल्यास त्या वेळची भरतीरेषा दाखवता येईल.

या व्यवस्थेला किंमत पडते. सारण्या वाढतात, साध्या प्रश्नालाही चार खाती जोडावी लागतात, आणि नोंद करणाऱ्याला प्रत्येक आकड्यामागे संदर्भपातळी, वेळ आणि उपकरण लिहिण्याची शिस्त पाळावी लागते. पण हैदराबादच्या राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राला सुनामीचा इशारा द्यायचा असतो, तेव्हा समुद्रतळाची खोली, भरतीमापकांची वाचने आणि गावाची जमिनीवरील उंची यांचा मेळ काही मिनिटांत बसवावा लागतो, आणि मापे कोणत्या शून्यापासून घेतली याची चौकशी करायला तेव्हा सवड नसते. ती चौकशी आराखडा आखतानाच झालेली असावी लागते. आकड्याबरोबर त्याचा संदर्भ नोंदल्याखेरीज नोंद दाखलच करून न घेणारी मांडणी हाच तिचा खात्रीचा मार्ग आहे.